पैसे कुठं सोडायचे, कुठं धरायचे

तुळशीचं लग्न लागलं की आपल्याकडं मुहूर्त सुरू होतात आणि माझ्याकडं येणारे प्रश्न पण बदलतात, या वेळी तर कपडे आणि केस सोडून दुसरं कुणी काही विचारलंच नाही. त्यामुळं हा अख्खा भाग त्यालाच देतेय.

ताई, फेब्रुवारीत धाकट्या दिराचं लग्न आहे. माझ्यासाठी मिस्टरांनी २५ हजार बाजूला काढलेत, कपडे, केस, मेकअप सगळं त्यातच बसवायचंय. पार्लरवाली म्हणते ७ हजारात स्मूदनिंग करून घे, केस एकदम सिल्की दिसतील. नवी पेठेत १२ हजाराची एक पैठणी आवडलीय, दुकानदार प्युअर म्हणतो पण सासूबाईंना पटत नाहीये. मग रिसेप्शनच्या गाऊनला काय उरणार? काहीच सुचेना बघा. – जुळे सोलापूर

आधी केसांचं बोलूया, कारण ते सात हजार वाचले की पुढचं सगळं सोपं होतंय. मला सांग, लग्नाच्या दिवशी तू केस मोकळे सोडणार आहेस का? घरातली मोठी सून तू, हळदीपासून वरातीपर्यंत पदर खोचून पळायचंय, म्हणजे अंबाडाच घालणार आणि त्यावर गजरा. अंबाड्यात गुंडाळलेले केस सरळ आहेत का कुरळे हे कुणाला दिसतंय गं?

स्मूदनिंग वाईटच असतं असं मी म्हणत नाही. पण ते काय असतं ते समजून घे. डोक्याच्या कातडीच्या बाहेर आलेला केस हा जिवंत नसतो, त्यामुळं तिथं झालेलं नुकसान जखमेसारखं भरून येत नाही. औषध लावून केसाच्या आतले जोड सैल करतात आणि गरम इस्त्रीनं त्याला सरळ करून ठेवतात. नवीन केस मुळातून महिन्याला साधारण एक-सव्वा सेंटिमीटर येतो तो तुझ्या मूळ वळणाचाच येतो, म्हणजे चार महिन्यात वरचे चार-पाच सेंटिमीटर वेगळे आणि खालचे वेगळे. मी स्वतः भावाच्या लग्नाआधी आठ दिवस हे केलं होतं. आधीच रंगवलेले केस होते माझे, पार्लरवालीनं विचारलं नाही आणि मी पण सांगितलं नाही, दोन महिन्यात कानामागचे केस मधूनच तुटायला लागले, शेवटी खांद्यापर्यंत कापावे लागले आणि परत कमरेपर्यंत यायला तीन-साडेतीन वर्षं गेली. आई रोज वेणी घालायची माझी, तिला किती वाईट वाटलं होतं ते अजून आठवतंय. म्हणून सांगते, लग्नाच्या तीन आठवडे आधी चांगल्या हाताकडून कट करून घे, फाटे फुटलेली टोकं गेली की निम्मं काम तिथंच होतं, आणि त्या दिवशी हेअरस्टाईल करणारीला दोन पैसे जास्त दे पण तिच्याकडून आठ दिवस आधी एकदा ट्रायल करून घे. तिथं पैसे सोडायचे.

आता पैठणी. सासूबाईंचं ऐक की, त्यांनी बघितलेली असणार. हातमागाच्या पैठणीचा पदर उलटा करून बघायचा, मागची नक्षी पुढच्यासारखीच स्वच्छ दिसली पाहिजे, कारण विणकर प्रत्येक रंगाचा धागा हातानं तिथल्या तिथं गुंतवून वळवत असतो. मागं धागे लांबच्या लांब लोंबकळत असतील किंवा कापलेले दिसत असतील तर ती मशीनवरची, मग दुकानदार काहीही म्हणू दे. हातमागावर भरगच्च पदराला कित्येक आठवडे जातात, त्या मजुरीचा हिशोब केला तर १२ हजारात तसला पदर कसा बसेल तूच सांग. रेशीम खरं आहे का यासाठी सिल्क मार्कचं लेबल बघ. ते नसेल तर काठाच्या आतल्या बाजूचा एक सुटा धागा मागून घेऊन जाळून बघायचा, केस जळाल्यासारखा वास आला आणि राख बोटानं चुरली तर रेशीम, वितळून कडक गोळी झाली तर पॉलिस्टर. सेमी पैठणी, म्हणजे पैठणीसारखी दिसणारी मशीनवरची, घेण्यात कमीपणा काहीच नाही, फक्त सेमीच्या भावात घ्यायची, प्युअरच्या नाही.

खरं सांगू का, तुझ्या जागी मी असते तर या बजेटमध्ये पैठणीच्या मागंच लागले नसते. एक चांगली इरकल नाहीतर नारायणपेठ घेतली असती. इरकल तिकडं बागलकोट जिल्ह्यातली, नारायणपेठ तेलंगणातली, दोन्ही आपल्या शेजारच्या राज्यातल्या, त्यामुळं आपल्या सोलापूरच्या दुकानात दोन्ही भरपूर बघायला मिळतात. आणि अशी साडी लग्नानंतर सणाला, हळदीकुंकवाला, शाळेच्या गॅदरिंगला पण नेसता येते. १२ हजाराची साडी कपाटात ठेवून तीन वेळा नेसली तर एका वेळेला ४ हजार पडले, ५ हजाराची वीस वेळा नेसली तर अडीचशे.

ब्लाउजला मात्र कंजूषी करू नकोस. भारी साडीवर ब्लाउज खांद्यातून उतरत असेल तर सगळ्या फोटोत तेच दिसतं. अस्तर चांगल्या कॉटनचं लावायला सांग आणि शिवण्याआधी भिजवून वाळवून घ्यायला सांग, नाहीतर पहिल्या धुण्यात अस्तर आटतं आणि वरचं कापड चुण्या धरतं. दोन्ही बाजूला मार्जिन ठेवायला लाव, पुढच्या दोन वर्षात अंग भरलं तर उसवून वापरता येतो. गाऊनचं म्हणशील तर तो भाड्यानं घे, परत कुठं घालणार आहेस? विकतच घ्यायचा असेल तर २२ सप्टेंबर २०२५ पासून जीएसटीचा नियम बदललाय तो लक्षात ठेव, रेडीमेड कपडा २,५०० रुपयांपर्यंतचा असेल तर ५ टक्के, त्याच्या वर गेला की १८ टक्के. म्हणजे २,४०० आणि २,७०० मधला फरक बिलात तीनशेपेक्षा बराच जास्त पडतो.

माझी मुलगी अकरावीत आहे, केराटिन करायचंय म्हणून हटून बसलीय. मैत्रिणींनी केलंय म्हणे. केराटिन म्हणजे प्रोटीनच ना, मग करायला काय हरकत आहे? ५ हजार जास्त वाटतायत पण रोजचं भांडण नको झालंय. – साखर पेठ

नावानं फसू नका ताई. केराटिन हे केसातलं प्रोटीन आहे हे खरं, पण त्या ट्रीटमेंटमध्ये केस सरळ करायचं काम ते प्रोटीन करत नाही, त्यातलं केमिकल आणि तापलेली इस्त्री करते. बऱ्याच जुन्या प्रॉडक्टमधून गरम केल्यावर फॉर्मल्डिहाइड नावाचा गॅस सुटतो, डोळे चुरचुरतात, घसा धरतो, आणि रोज त्या वाफेत उभं राहणाऱ्या पार्लरमधल्या मुलींना तर त्याचा जास्तच त्रास. मग फॉर्मल्डिहाइड-फ्री म्हणून दुसरी आली, त्यात बऱ्याचदा ग्लायॉक्सिलिक ॲसिड असतं, आणि त्यानं केस सरळ करून घेतल्यावर काही बायकांच्या किडनीला अचानक इजा झाल्याचं इस्रायल आणि फ्रान्समधल्या डॉक्टरांनी नोंदवलंय. अशा केसेस कमी आहेत, घाबरवायचं नाहीये मला, पण सोळा वर्षांच्या पोरीला त्यात कशाला ढकलायचं?

तिला रागवू नका. शेजारी बसवून विचारा नेमकं काय आवडत नाही. बहुतेक ती म्हणेल केस राठ झालेत, फुगतात. आणि त्यात तिची चूक नाही, आपलं पाणीच तसलंय. नळाला रोज पाणी नाही, मग बोअरच्या जड पाण्यानं डोकं धुवायचं, त्यातला क्षार केसावर बसतो आणि अंगाच्या साबणानं धुतलं तर चिकट पांढरा थर पण येतो. साठवलेलं नळाचं पाणी असतं ना, त्यातली निम्मी बादली शेवटच्या धुण्यासाठी बाजूला ठेवा. शाम्पू फक्त डोक्याच्या कातडीला, कंडिशनर फक्त लांबीला, मुळाला नाही. आदल्या रात्री खोबरेल लावू दे, खोबरेल केसाच्या आत मुरतं आणि धुताना केसातलं प्रोटीन कमी निघून जातं, त्यासाठी महागडं तेल लागत नाही.

आणि एक, आपल्या सोलापूरच्या टॉवेलचा मला पण अभिमान आहे, जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळालेला टॉवेल आहे आपला, पण ओले केस त्यानं खसाखसा पुसू नका. दाबून पाणी काढायचं, नाहीतर जुन्या सुती बनियनमध्ये गुंडाळून ठेवायचे, ओला केस ताणला की लगेच तुटतो. रुंद दातांचा कंगवा आणून द्या आणि टोकाकडून वर विंचरायला शिकवा. तीन महिने हे करून बघू म्हणा, आणि ५ हजारातले हजार तिला चांगल्या कटसाठी द्या, चेहऱ्याला शोभेल असा. तिला काहीतरी नवीन हवंय, ते मिळायला पाहिजे.

शाम्पूच्या पुड्या घेतल्या की जाऊबाई हसतात, बाटली घे म्हणतात. बाटली स्वस्त पडते का खरंच? – होटगी रोड

हिशोब करा की. रुपयाच्या पुडीवर लिहिलेले एमएल बघा, बाटलीची किंमत तिच्या एमएलनं भागा. बऱ्याच ब्रँडचं आपल्याकडं उलटंय, पुडीच स्वस्त पडते. शिवाय बाटलीतून हातावर जास्त ओतलं जातं. प्लॅस्टिकचा कचरा पुडीत जास्त होतो ही एक गोष्ट मनाला लागते, ते तुम्ही ठरवा. पण शाम्पू दोन मिनिटं डोक्यावर राहून मोरीत जातो, त्याच्यावर मी कधीच जास्त पैसे घालत नाही.

मी २४ वर्षांचा, यंत्रमागावर होतो, आता पुण्यात इंटरव्ह्यू आहे. केस गळतायत म्हणून ऑनलाइन कांद्याचं तेल आणि सीरम मागवलं, १,८०० गेले, फरक शून्य. राहिलेल्या ३ हजारात कपडे-बूट कसे बसवू? – अशोक चौक

भावा, ते १,८०० गेले ते गेले, आता पुढचे वाचवू. दिवसाला ५० ते १०० केस गळणं सगळ्यांचंच असतं, त्याला औषध लागत नाही. पण कपाळाच्या दोन्ही कोपऱ्यातून केस मागं सरकत असतील तर ते तेलानं थांबत नाही. सिव्हिलला त्वचारोगाची ओपीडी आहे, तिथं दाखव. डॉक्टर मिनॉक्सिडिल देतील किंवा आधी रक्त तपासायला सांगतील. ते औषध लावलं तरी फरक दिसायला चार-सहा महिने लागतात आणि सोडलं की परत गळती सुरू होते, हे माहीत असू दे, म्हणजे मधेच बंद करणार नाहीस. आणि हे आत्ताच कर, जेवढं लवकर तेवढे केस टिकतात.

कपड्यांचं ऐक. शर्ट घेताना खांदा बघ, बाकी काही बघू नको. शिवण बरोबर खांद्याच्या हाडावर आली पाहिजे. खांदा चुकला तर दुरुस्त करणं अवघड आणि महाग, पण कमर, बाही, पँटची उंची हे सगळं मास्टर थोडक्या पैशात करून देतो. आणि तू अशा गावात राहतोस जिथं शाळांचे युनिफॉर्म शिवून बाहेर पाठवतात, आपल्या पूर्व भागात गल्लीगल्लीत शिलाईचा हात बसलेली माणसं आहेत! साधा पांढरा किंवा फिका निळा कॉटनचा शर्ट, गडद पँट, दोन्ही अंगाबरोबर बसवून घेतलं तर कुणी ब्रँड विचारत नाही. जास्तीत जास्त पैसे बुटात घाल, दीड हजारापर्यंत, साधे काळे लेसचे, तळवा शिवलेला असेल तर उत्तम कारण झिजला की परत बसवता येतो. आणि बूट संध्याकाळी घ्यायला जा, दिवसभर चालून पाय थोडा फुगलेला असतो, तेव्हा बसला की कायम बसतो. मुलाखतीला मनापासून शुभेच्छा, काय झालं ते नक्की कळव.

मुलगा यंदा पहिल्यांदा गड्ड्याच्या, म्हणजे आपल्या सिद्धेश्वरांच्या यात्रेत नंदीध्वजाबरोबर चालणार आहे. बाराबंदी, तो पांढरा अंगरखा, रेडीमेड घेऊ का शिवू? – बाळीवेस

शिवाच! ६८ लिंगांची फेरी, अक्षता सोहळा, नुसतं उभं राहायचं नाहीये, गर्दीत तासन् तास चालायचंय. शुद्ध सुती कापड, काखेत मोकळं, उंचीला चार बोटं आत दुमडून ठेवलेली. वाढतं वय आहे, दरवर्षी उसवत गेलं तर तीन यात्रा निघतील. पांढरं आहे म्हणून ब्लीचमध्ये बुडवून ठेवू नका, धागा कमजोर होतो.

दर पंधरा दिवसांनी काळी मेंदी लावते, दहा रुपयाचं पाकीट. गेल्या दोन वेळेला कपाळाला आणि कानामागं खाज आली, पुरळ उठलं. भारीतला अमोनिया नसलेला रंग घेऊ का? – बार्शी

मावशी, आता काहीच लावू नका. खऱ्या मेंदीचा रंग लालसर केशरीच येतो. काळा येतो तो एकतर निळीच्या पानानं नाहीतर पीपीडी नावाच्या केमिकलनं, आणि काळी मेंदी म्हणून मिळणाऱ्या पाकिटात बहुतेक वेळा ते पीपीडीच असतं. त्याची ॲलर्जी एकदा झाली की सहसा जात नाही, पुढच्या वेळी जास्तच होते, डोळे सुजतात, चेहरा सुजतो. अमोनिया नाही म्हणजे पीपीडी नाही असं अजिबात नाही, भारीतल्या रंगात पण ते असू शकतं, त्यामुळं इथं जास्त पैसे देऊन सुटका होत नाही.

त्वचेच्या डॉक्टरांना दाखवा, नंतर त्यांनी हो म्हटलं तरच साधी मेंदी किंवा दुसरा एखादा रंग, आणि तो पण आधी कोपराच्या आतल्या बाजूला थोडासा लावून ४८ तास बघायचं. पांढरे केस तसेच ठेवले तरी तुम्ही छानच दिसाल, माझ्या मावशीनं साठाव्या वर्षी रंग सोडला आणि आता ती आम्हा सगळ्यांत उठून दिसते. आत्ता घरात उरलेलं पाकीट मात्र फेकू नका, दवाखान्यात बरोबर न्या आणि त्याच्या मागं बारीक अक्षरात काय लिहिलंय ते डॉक्टरांना वाचू द्या.