व्हिडिओतून काढलेला फोटो आणि ‘छायाचित्रकार’

व्हिडिओतून वेगळ्या काढलेल्या स्थिरचित्राला छायाचित्र म्हणता येईल का आणि ते निवडणाऱ्याला छायाचित्रकार म्हणावे का, असा प्रश्न आहे. पहिल्या भागाचे उत्तर निःसंशय ‘होय’ असे आहे. भिंगातून आलेल्या प्रकाशाने उमटलेले चित्र एकटे टिपले की सेकंदाला २५ चित्रांच्या मालिकेतून उचलले, याने त्याची जात बदलत नाही.

खरा गुंता दुसऱ्या भागात आहे आणि तो ‘काढणे’ या क्रियापदामुळे वाढतो. ‘कॅमेऱ्याने फोटो काढला’ यात रांगोळी काढण्यासारखे निर्माण करणे आहे. ‘व्हिडिओतून फोटो काढला’ यात आधीच असलेल्यातून बाहेर घेणे आहे. ‘-कार’ हा प्रत्यय ग्रंथकार, शिल्पकार यांत करणाऱ्याला लागतो, म्हणून तो पहिल्या अर्थाशीच जुळतो, असे माझे ठाम मत आहे.

हे करणे कशात असते, ते शटरवरून, म्हणजे प्रत्येक चित्रासाठी प्रकाश किती वेळ आत येऊ द्यायचा हे ठरवणाऱ्या कॅमेऱ्यातल्या झडपेवरून, चांगले कळते. सेकंदाला २५ चौकटींच्या चित्रीकरणात शटर सहसा १/५० सेकंदावर ठेवतात. त्यामुळे पडद्यावरची हालचाल सलग वाटते, पण एकेका चौकटीत हलता हात पुसट येतो. ज्याला त्यातून स्थिरचित्रच हवे असते, तो हालचाल थोडी तुटक दिसेल हे पत्करून शटरचा वेग वाढवतो. ‘एस्क्वायर’ मासिकाच्या जून २००९च्या अंकाचे मुखपृष्ठ ग्रेग विल्यम्स यांनी रेड वन या डिजिटल चित्रपट-कॅमेऱ्यावर केलेल्या चित्रीकरणातून घेतले होते. जागा, प्रकाश आणि चौकट ठरवणारे तेच असल्याने त्यांना छायाचित्रकार म्हणण्यात काहीच अडचण नाही.

अब्राहम झप्रूडर यांचे उदाहरण अवघड आहे. २२ नोव्हेंबर १९६३ रोजी डॅलसमध्ये या तयार कपड्यांच्या व्यावसायिकाने ८ मिमी फिल्मच्या कॅमेऱ्याने अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष जॉन केनेडी यांच्या हत्येचे चित्रीकरण केले आणि त्यातल्या निवडक चौकटी ‘लाइफ’ या अमेरिकी नियतकालिकाने छापल्या. चौकटी संपादकांनी निवडल्या असल्या, तरी कॅमेरा रोखून उभे होते ते झप्रूडर. त्यामुळे त्या चित्रांपुरते छायाचित्रकार तेच, मग त्यांचा व्यवसाय कोणताही असो.

म्हणून श्रेय देताना ‘छायाचित्र’ या शब्दापुढे चित्रीकरण करणाऱ्याचे नाव द्यावे आणि निवडणाऱ्यासाठी ‘चित्रनिवड’ असा स्वतंत्र उल्लेख करावा. निवड हेही नजरेचे काम आहे आणि ते लपवू नये. सीसीटीव्हीच्या चित्राखाली मात्र ‘सीसीटीव्ही चित्रणातून’ एवढेच लिहिणे योग्य.