लसीतली तुरटी

प्रश्न : बाळाला पेंटाव्हॅलंट लस दिल्यावर मांडीवर लहानशी गाठ आली. लसीच्या माहितीपत्रकात ॲल्युमिनियम फॉस्फेट लिहिलेले दिसले. ते कशासाठी घालतात?

उत्तर : हे लसीचे सहायक द्रव्य, म्हणजेच ॲडज्युव्हंट; लसीला शरीराने अधिक जोरदार प्रतिसाद द्यावा, म्हणून ते घालतात. पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमधील गास्तों रामों यांना १९२०च्या दशकात असे आढळले, की घटसर्पाची लस टोचलेल्या ज्या घोड्यांना टोचल्या जागी गळू होई, त्यांच्या रक्तात प्रतिविषही (रोगाचे विष निष्प्रभ करणारे द्रव्य) अधिक तयार होई. मग त्यांनी लसीत चक्क साबुदाण्यासारखा टॅपिओका मिसळून पाहिला. १९२६ मध्ये लंडनच्या ग्लेनी यांनी त्याजागी तुरटी, म्हणजे ॲल्युमिनियमचाच एक क्षार, वापरली, आणि तिचे भाऊबंद क्षार आजही वापरात आहेत. ते नेमके कसे काम करतात, हे मात्र कितीतरी दशके कोडेच होते. १९८९ मध्ये येल विद्यापीठातील रोगप्रतिकारशास्त्रज्ञ चार्ल्स जेनवे यांनी सहायक द्रव्यांना आपल्या शास्त्राचे लाजिरवाणे गुपितच म्हटले आणि सुचवले, की शरीराला आधी धोक्याची खूण पटावी लागते, तेव्हाच प्रतिकारशक्ती खऱ्या अर्थाने जागी होते. आपण पाहिलेली गाठ हा बहुधा त्या जागेपणाचाच भाग असून ती काही आठवड्यांत विरते. ती लाल, गरम होऊन वाढू लागली, तर मात्र डॉक्टरांना दाखवावे.