ग्रीक बेटांवर शाकाहारी माणसाला तिथलं अस्सल जेवण कुठे मिळेल?

तुम्ही सप्टेंबरमध्ये सँटोरिनीला जाताय, घरातले दोघं शाकाहारी आहेत, आणि ग्रीक सॅलडच्या पलीकडे काही मिळेल का, अशी काळजी तुम्हाला आहे. माझा सल्ला: सँटोरिनीचे दोन दिवस कमी करा आणि शनिवार-रविवार धरून सिफ्नोस बेटावर जा.

कारण रेविथादा. काबुली चणे, कांदा, ऑलिव्ह तेल, तमालपत्र, मीठ, बास. हे सगळं झाकणाच्या मातीच्या भांड्यात घालून शनिवारी संध्याकाळी लाकडाच्या भट्टीत ठेवतात. रात्रभर मंद आचेवर चणे शिजत राहतात आणि रविवारी चर्चमधून परतताना लोक भांडं घरी नेतात. वरून लिंबू पिळायचं. एवढ्या कमी जिन्नसांत इतकी दाट, गोडसर चव येते की आपला मसाल्यांवरचा विश्वास जरा डळमळतो! अपोलोनिया आणि आर्तेमोनास या गावांतल्या तावेर्नांमध्ये, म्हणजे खाणावळींमध्ये, रविवारी दुपारी विचारा, पण लवकर जा. भांडं रिकामं झालं की संपलं. भांडीही तिथल्याच मातीची. वाथीच्या खाडीत कुंभारांच्या कार्यशाळा आहेत, त्या जरूर बघा. सोबत कांद्यात शिजवलेल्या केपर नावाच्या झुडपाच्या कळ्या मागवा. मांसाहारी मंडळींसाठी मास्तेलो आहे: द्राक्षवेलीच्या काड्यांवर रचून, वाइन आणि शेपू घालून भट्टीत शिजवलेलं कोकरू.

ही बेटं कोरडी, वाऱ्याची, पाण्याला महाग. म्हणून पूर्वापार रोजचं जेवण कडधान्यं, जवाचा पाव, रानभाज्या आणि चीज यांचंच, मांस सणावारी. शाकाहारी पाहुण्यासाठी तिथे वेगळं काही करावं लागत नाही, हे मला फार आवडतं.

सँटोरिनीतही हेच दिसतं. तिथला फावा म्हणजे आपल्या विदर्भातल्या लाखोळीच्या जवळच्या नात्यातली डाळ, ज्वालामुखीच्या राखेच्या जमिनीत पिकणारी. शिजवून, घोटून, वर कच्चा कांदा, केपर आणि भरपूर तेल घालून देतात. युरोपियन युनियनने तिला तिच्या प्रदेशाच्या नावाचं संरक्षण दिलं आहे. तिथला छोटा टोमॅटो बहुधा पावसावर आणि दवावर वाढतो, त्यामुळे चव अगदी एकवटलेली. त्याची पुदिना घातलेली भजी, तोमातोकेफ्तेदेस, सोडू नका. पण हे सगळं इया गावाच्या कड्यावर बसून खाऊ नका, तिथे पैसे देखाव्याचे जातात. आतल्या पिर्गोस किंवा मेगालोहोरी गावात जा.

दोन गोष्टी मात्र नीट लक्षात ठेवा. तिथल्या उपवासाच्या पदार्थांना 'निस्तीसिमो' म्हणतात आणि शाकाहारी लोक त्यावर विसंबतात. पण त्या उपवासाला ऑक्टोपस, कोळंबी, कालवं चालतात. म्हणून 'होरीस क्रेआस, होरीस प्सारी, होरीस थालासिना', म्हणजे मांस नको, मासे नकोत, कोळंबी-कालवंही नकोत, असं स्पष्ट सांगा. भरलेल्या टोमॅटो-मिरच्यांतही, गेमिस्तांत, कधी कधी खिमा असतो, तेव्हा विचारून घ्या. आणि मुख्य जेवण दुपारी करा. भाज्या, घेवडा, भरली वांगी असे शिजवलेले पदार्थ सकाळी होतात आणि दुपारी ताजे मिळतात. रात्री बऱ्याच ठिकाणी भाजलेल्या मांसाचाच जोर असतो.

मूसाका, म्हणजे वांगी आणि खिम्याचे थर लावून भाजलेला पदार्थ, वाईट नाही, पण त्यावरचा पांढऱ्या सॉसचा थर विसाव्या शतकातला, शहरी. त्याचं श्रेय निकोलाओस त्सेलेमेन्देस या आचाऱ्याला देतात, आणि त्याचं मूळ नेमकं सिफ्नोसचंच. त्याच्या नावाने तिथे सिक्लाडीस बेटांच्या, म्हणजे सिफ्नोस आणि सँटोरिनी ज्यात येतात त्या बेटसमूहाच्या, खाद्यपदार्थांचा महोत्सव होतो, बहुतेक वेळा सप्टेंबरमध्ये. त्यात वेगवेगळ्या बेटांचे आचारी आपापले पदार्थ रांधून वाढतात. बोटीची तिकिटं काढण्याआधी यंदाच्या तारखा बघून घ्या. जुळल्या तर सँटोरिनीचा आणखी एक दिवस कापला तरी चालेल.