ठराव १९२३चा, पाणी १९२७ला

प्रश्न : सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करण्याचा, मुंबई कायदेमंडळाचे सदस्य सी. के. बोले यांनी मांडलेला ‘बोले ठराव’ १९२३चा. मग चार वर्षांनी महाडला सत्याग्रह का करावा लागला? आणि तळ्याचे पाणी पिण्याला ‘क्रांती’ म्हणणे राजकीय तत्त्वज्ञानात बसते का?

उत्तर : बसते, आणि कारण तुमच्याच पहिल्या प्रश्नात आहे. मुंबई कायदेमंडळाने ४ ऑगस्ट १९२३ला ठराव केला, महाड नगरपालिकेने १९२४मध्ये गावातले सार्वजनिक चवदार तळे खुले असल्याचे जाहीर केले. तरी अस्पृश्यांना तिथे घागर बुडवता येईना. राज्यसंस्था हो म्हणाली होती. नाही म्हणत होता तो समाज. हक्क राज्याकडून मिळतो एवढेच मानणारे तत्त्वज्ञान इथे अपुरे पडते.

२० मार्च १९२७ला डॉ. आंबेडकर आणि महाडला भरलेल्या अस्पृश्यांच्या परिषदेचे प्रतिनिधी ते पाणी प्याले. मग सनातन्यांनी पंचगव्याच्या १०८ घागरी तळ्यात बुडवून ‘शुद्धी’ केली. मुसलमान, ख्रिस्ती, गुरेढोरे यांना ते तळे आधीपासून मोकळे होते, म्हणजे भांडण पाण्याच्या टंचाईचे नव्हतेच. ऑगस्टमध्ये नगरपालिकेने आपला ठराव मागे घेतला. डिसेंबरात न्यायालयाचा तात्पुरता मनाई हुकूम आला. त्यामुळे त्या महिन्यात महाडला पुन्हा भरलेल्या परिषदेने तळ्यावर जाणे थांबवले, पण त्याआधी २५ डिसेंबरला मनुस्मृती जाळली. माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचे पाऊल हेच : बंदीला मान्यता जिथून मिळत होती, त्या मुळावरच घाव पडला.

त्याच परिषदेत बाबासाहेबांनी महाडची तुलना १७८९च्या फ्रेंच राष्ट्रसभेशी केली. ती चपखल आहे. फ्रान्समध्येही ४ ऑगस्ट १७८९च्या रात्री सरंजामी हक्क रद्द झाल्याची घोषणा झाली, पण जमिनीवरचे बरेच देणे शेतकऱ्याने वार्षिक रकमेच्या २० ते २५ पट भरून सोडवून घ्यायचे होते. विनामोबदला सुटका व्हायला १७९३ उजाडले.

महाडचा दावा मुंबई उच्च न्यायालयात १७ मार्च १९३७ला निकाली निघाला. बंदीची रूढी अनादी असल्याचे दावा लावणाऱ्या सवर्ण वादींना सिद्ध करता आले नाही.

प्रश्न : मार्क्सची वर्गसंघर्षाची मांडणी इथे लागू पडत नाही का?

उत्तर : अर्धवट. कामगार एकत्र येतील हे ती गृहीत धरते. जात ही केवळ श्रमाची नव्हे, श्रमिकांचीही विभागणी आहे, असे आंबेडकरांनी १९३६मध्ये मांडले. एकाच गिरणीत राबणारे दोघे एका माठातले पाणी पीत नसतील, तर त्यांचा वर्ग आधी घडवावा लागतो.