जुन्या हार्ड डिस्कमधला फोटोंचा फोल्डर ‘ॲक्सेस डिनाइड’ म्हणतोय. मी ॲडमिन असूनही असं का, आणि उपाय काय?

तुमची अडचण मला समजली ती अशी: जुना कॉम्प्युटर गेला, त्याची डिस्क काढून केसिंगमध्ये घातली आणि यूएसबीने नव्या लॅपटॉपला जोडली. बाकी सगळं दिसतंय, फक्त फोटो असलेला फोल्डर उघडत नाही. लॅपटॉपवर खातं एकच, तेही ॲडमिनचं, नावही पूर्वीचंच. आणि दुकानदार म्हणतोय, फॉरमॅट मारा.

फॉरमॅट अजिबात मारू नका. फोल्डर परवानगी नाकारतोय म्हणजे फोटो गेले असं नाही.

आधी एक साधी गोष्ट तपासा. तुम्ही ‘डॉक्युमेंट्स अँड सेटिंग्ज’ नावाचा फोल्डर तर उघडत नाही ना? विंडोज व्हिस्टापासून तो खरा फोल्डरच नाही, जुन्या प्रोग्रामांच्या सोयीसाठी ठेवलेली पाटी आहे, आणि तो न उघडणं हेच त्याचं काम. खरा माल ‘यूझर्स’मध्ये असतो. यावरून हैराण झालेले बरेच लोक मी पाहिलेत.

‘यूझर्स’मधला तुमच्या नावाचा फोल्डरच अडत असेल, तर कारण असं. विंडोज माणसाला नावाने ओळखत नाही. खातं उघडताना प्रत्येकाला एक लांबलचक क्रमांक मिळतो आणि फोल्डरवर तोच नोंदलेला असतो. नव्या लॅपटॉपवर तेच नाव, तोच पासवर्ड ठेवलात तरी क्रमांक वेगळाच येतो. फोल्डरवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, सिक्युरिटी असं गेलात की यादीत बहुधा ‘अकाउंट अननोन’ आणि पुढे एस-१-५-२१ ने सुरू होणारी आकड्यांची माळ दिसेल. ती अनोळखी व्यक्ती म्हणजे जुन्या कॉम्प्युटरवरचे तुम्हीच! राहिला प्रश्न ॲडमिनचा. खातं ॲडमिनचं असलं तरी रोजच्या वापरात विंडोज तुम्हाला साध्या माणसाचेच अधिकार देतं. फोल्डर उघडताना परवानगी नाही म्हणणारी खिडकी येते, तिच्यातलं ‘कंटिन्यू’ दाबल्यावर वरचे अधिकार वापरले जातात. म्हणून पहिल्यांदा तेच दाबून बघा. कितीतरी वेळा तेवढ्यावर भागतं. मोठा फोल्डर असेल तर हिरवी पट्टी बराच वेळ सरकत राहते, मध्येच बंद करू नका.

नाही भागलं तर सिक्युरिटीमध्ये ‘ॲडव्हान्स्ड’. वर ‘ओनर’ लिहिलेलं असतं, त्याच्या शेजारी ‘चेंज’. तिथे आपल्या खात्याचं नाव टाका, ‘चेक नेम्स’ दाबा, मग ‘रिप्लेस ओनर ऑन सबकंटेनर्स अँड ऑब्जेक्ट्स’ या चौकटीत टिक करून ‘ओके’. लोक इथेच थांबतात आणि फोल्डर तरीही उघडत नाही म्हणून वैतागतात. सातबारा नावावर झाला म्हणून शेतावरच्या खोलीचं कुलूप आपोआप उघडत नाही, तसंच हे. मालकाला फक्त परवानग्या बदलायचा हक्क मिळतो. तेव्हा सगळ्या खिडक्या बंद करा, पुन्हा ‘ॲडव्हान्स्ड’मध्ये या, ‘ॲड’ करून आपल्या खात्याला ‘फुल कंट्रोल’ द्या आणि खालची ‘रिप्लेस ऑल चाइल्ड ऑब्जेक्ट परमिशन एंट्रीज’ने सुरू होणारी चौकट टिक करा. यादीत तुम्हाला लागू होणारी ‘डिनाय’ची ओळ असेल तर ती काढा, कारण एकाच पातळीवर ‘डिनाय’ हे ‘अलाव’ला भारी पडतं.

पण खरं सांगू? फक्त फोटो काढून घ्यायचे असतील तर मी हे करतच नाही. वरच्या प्रकारात प्रत्येक फाइलची नोंद बदलते, म्हणजे डिस्कवर लिहिलं जातं, आणि म्हाताऱ्या, खरखरणाऱ्या डिस्कवर मला काही लिहायचं नसतं. लिनक्स मिंट (विंडोजऐवजी चालणारी एक फुकट ऑपरेटिंग सिस्टीम) पेन ड्राइव्हवर घ्यायचं, इन्स्टॉल न करता त्यावरून लॅपटॉप सुरू करायचा, डिस्क उघडायची आणि फोटो दुसऱ्या एक्स्टर्नल ड्राइव्हवर कॉपी करायचे. लिनक्स अशी डिस्क साधारणपणे उघडतं तेव्हा विंडोजच्या या परवानग्या मोजतच नाही. कॉपीच करा, कट नको. एक्सफॅट किंवा फॅट३२ या पद्धतीने फॉरमॅट केलेल्या ड्राइव्हवर अशा परवानग्या ठेवायची सोयच नसते, त्यामुळे तिथे गेलेल्या फोटोंचं हे झंझट तिथेच संपतं.

दोन ठिकाणी मात्र यातलं काहीच चालणार नाही. डिस्क जोडताच ४८ अंकी की मागितली, तर ते बिटलॉकर आहे, म्हणजे अख्ख्या डिस्कला विंडोजने लावलेलं कुलूप. मायक्रोसॉफ्ट खात्यात लॉगिन करून ती की जपलेली आहे का बघा. आणि फाइलच्या चित्रावर छोटं कुलूप दिसलं, तर फाइल एन्क्रिप्ट केलेली, म्हणजे किल्लीशिवाय वाचता येऊ नये अशी करून ठेवलेली आहे. तिला जुन्या खात्याचं सर्टिफिकेट, म्हणजे तीच किल्ली लागते, मालकी बदलून ती उघडत नाही. अर्थात विंडोजच्या होम आवृत्तीत फाइल अशी एन्क्रिप्ट करायची सोय नाही, त्यामुळे घरच्या कॉम्प्युटरवर हे क्वचितच निघतं.

एक मात्र करू नका. यूट्यूबवर बघून अख्ख्या सी ड्राइव्हला ‘एव्हरीवन – फुल कंट्रोल’ देणारे असतात. विंडोजच्या स्वतःच्या फाइलींची मालकी ‘ट्रस्टेडइन्स्टॉलर’ या विंडोजच्याच अंतर्गत खात्याकडे असते, ती मुद्दाम. ती काढून घेतलीत की अपडेट अडू शकतात, काही प्रोग्राम रुसून बसतात, आणि सगळं पूर्ववत करायला सोपं बटण नाही. जे करायचं ते फोटोंच्या फोल्डरपुरतं करा. तरीही अडलं, तर खिडकीत नेमकं कोणतं वाक्य येतंय ते जसंच्या तसं इथे लिहा.