बेकन गोडात चालतं का? चालतं, आणि माझं तर यावरून घरात भांडण झालंय

तुम्ही विचारलंय की चॉकलेट चिप कुकीजमध्ये बेकनचे, म्हणजे खारवलेल्या डुकराच्या मांसाच्या पातळ पट्ट्यांचे, तुकडे घातले तर ते चामट झाले, मग बेकन गोडात खरंच चांगलं लागतं की हे नुसतं अमेरिकन फॅड आहे. चामट का झाले ते सांगते, पण आधी "फॅड" या शब्दाबद्दल बोलायचंय, कारण हाच शब्द माझ्या थोरल्या दिरांनी दोन वर्षांपूर्वी दिवाळीत माझ्या चिक्कीला लावला होता आणि तो अजून माझ्या डोक्यातून गेलेला नाही.

आम्ही अमेरिकेत व्हरमाँटला राहतो. माझं माहेर कोल्हापूरजवळचं, घरचा ऊस, हंगामात गुऱ्हाळ. इथे आल्यावर पहिल्याच मार्चमध्ये शेजारच्या आजोबांनी त्यांच्या शुगरहाऊसवर, म्हणजे मेपलचा रस आटवून सिरप करतात त्या खोपीवर, नेलं आणि आत पाऊल टाकलं तर वाफ, गोड वास, लाकडाचा जाळ, मला भरूनच आलं. रात्री गोठवणारी थंडी आणि दिवसा जरा ऊब असली की मेपलच्या झाडातून पाण्यासारखा रस गळतो, त्यात साखर जेमतेम दोन टक्के, त्यामुळे 40 लिटर आटवले की एक लिटर सिरप. आपल्याकडे काहिलीत रस चढला की गुळव्या भेंडीचं पाणी घालून मळी वर आणतो आणि काढतो ना, तसंच इथेही फेस उतू जाण्याची भीती असते. आजोबा म्हणाले, त्यांचे वडील कढईच्या वर खारवलेल्या डुकराच्या चरबीचा तुकडा दोरीला बांधून टांगायचे, फेस वर चढून चरबीला लागला की खाली बसायचा. आता बरेच जण दुसरं काहीतरी घालतात, पण तो टांगता तुकडा इथली जुनी पद्धत आहे. म्हणजे मेपल आणि डुकराची चरबी यांचा संबंध कुणा डोनटवाल्याने काल जोडलेला नाही. अमेरिकेतल्याच पोर्टलंडच्या व्हूडू डोनट या दुकानाचा बेकन मेपल बार, म्हणजे मेपलचा थर आणि वर बेकन लावलेला लांबट डोनट, प्रसिद्ध आहे, पण तो खूप नंतरचा. आणि पोर्तुगालमध्ये ब्रागाकडे आबादे द प्रिस्कोस नावाचं पुडिंग करतात, 15 अंड्यांचे पिवळे बलक, पोर्ट वाइन, आणि साखरेच्या पाकात उकळलेला डुकराच्या चरबीचा तुकडा. एकोणिसाव्या शतकातल्या एका पाद्र्याची कृती आहे ती. फॅड एवढं टिकत नाही.

तर त्या दिवाळीला मी शेंगदाण्याची चिक्की केली, गूळ अर्धा आणि मेपल साखर अर्धी, तुपाऐवजी चमचाभर बेकनची चरबी आणि कुरकुरीत बेकनचा चुरा. वेगळा डबा, वर मराठीत चिठ्ठी, "यात डुकराचं मांस आहे." कुणाला फसवलं नाही. भाऊजी न्यू जर्सीहून आले होते, त्यांनी चिठ्ठी वाचली आणि सगळ्यांसमोर म्हणाले, "चिक्कीत हे घालायचं म्हणजे काय, तुम्ही तिकडे एकट्या राहून फॅडं करता." जाऊबाई खाली बघत राहिल्या. मी गप्प बसले, पाहुणे होते म्हणून.

दुसऱ्या दिवशी सकाळी मीच पॅनकेक केले, भाऊजींच्या आवडीचे. त्यांच्या ताटलीत बाजूला बेकनच्या तीन पट्ट्या. त्यांनी वरून सिरप ओतलं, ते ओघळून बेकनखाली गेलं, आणि त्यांनी शेवटची पट्टी त्या सिरपमध्ये घोळवून ताटली पुसून खाल्ली. दर रविवारी ते हेच खातात. मग भाऊजी, तुम्ही ताटलीत मिसळलं ते नाश्ता आणि मी कढईत मिसळलं ते फॅड, हे कसं? जिलेबीबरोबर मठ्ठा लागतो, पुरणपोळीबरोबर कटाची आमटी लागते, शिऱ्यात चिमूटभर मीठ घालतोच ना आपण. इथे तर गरम सिरप बर्फावर ओतून त्याबरोबर डोनट आणि आंबट काकडीचं लोणचं खातात. गोडाला खारट लागतंच.

बरं, तुमच्या कुकीज. बेकन अर्धवट शिजवून घातलं असणार. त्यातलं पाणी आणि चरबी पूर्ण निघाली नाही की पिठातला ओलावा धरून ते रबर होतं. जाड पट्ट्या घ्या, जाळीवर ठेवा, खाली फॉइलचा ट्रे, ओव्हनमध्ये 400 फॅरनहाइटला साधारण 20 मिनिटं, पण घड्याळापेक्षा रंगाकडे बघा, गडद तपकिरी हवा. पेपरवर निथळून पूर्ण गार करा, मगच बारीक चिरा. हवं तर वरून ब्राऊन शुगर लावून अजून थोडं भाजा, तो पाकाचा थर ओलावा अडवतो. लोण्यातलं पाव हिस्सा काढून तिथे गाळून गार केलेली बेकनची चरबी घाला, त्याहून जास्त नको, धुराचा वास सगळ्यावर बसतो. मीठ वेगळं घालू नका. टर्की बेकन गोडात मुळीच घेऊ नका, त्यात चरबी खूप कमी, ते तसं कुरकुरीत होत नाही.

चिक्की करायची तर पाकाचा थेंब गार पाण्यात टाकून बघा, काढून मोडला की टक्कन आवाज आला पाहिजे, नुसता वाकला तर अजून आटवा. बेकन अगदी शेवटी, गॅस बंद करून. मेपल गडद रंगाचं घ्या, फिकं सोनेरी बेकनपुढे कळतच नाही.

हो, एक राहिलं, हे फ्रिजमध्ये ठेवा आणि आठवड्यात संपवा, साध्या चिक्कीसारखं डब्यात महिनाभर बाहेर ठेवायची वस्तू नाही ही, चरबी खवट होते. आणि ऑफिसात नेणार असाल तर चिठ्ठी लावाच, डुकराचं न खाणारे खूप असतात, शाकाहारी माणसाने चुकून खाल्लं तर ती चूक आपली.

घरात कुणी फॅड म्हणालं तर मी बसले तशी गप्प बसू नका, तिथल्या तिथे बोला. भाऊजी या दिवाळीला परत येणार आहेत. बेकन आणून ठेवलंय, गूळ गेल्या आठवड्यात मागवला, चिठ्ठी या वेळी अजून मोठ्या अक्षरात लिहिणार आहे, आणि ते काही बोललेच तर त्या सकाळच्या ताटलीचं या वेळी सगळ्यांसमोर सांगणार आहे.