माळ्यावरच्या तबकड्या
प्रश्न : गिरगावातली आमची चाळ पाडणार आहेत. माळ्यावर आजोबांच्या नाट्यसंगीताच्या चाळीसेक तबकड्या सापडल्या. बुरशी धरलीय. स्पिरिटने पुसू का?

उत्तर : ताई, स्पिरिट अजिबात नको! मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या या तबकड्या बहुतेक लाखेच्या असतात. स्पिरिटने लाख विरघळते, गाणं कायमचं जातं. डिस्टिल्ड वॉटरमध्ये किंचित भिजवलेलं मऊ कापड रेघांच्या दिशेने फिरवा, लेबल कोरडं राहू द्या. वाळल्या की उभ्या ठेवा. एलपीची (नंतरच्या, जास्त वेळ वाजणाऱ्या तबकड्यांची) सुई लावू नका, यांना जाड सुई लागते. तबकडीच्या एका बाजूला जेमतेम ३ मिनिटं गाणं. काही जुन्या तबकड्यांत शेवटी गायिका स्वतःचं नाव सांगते. परवा तो आवाज ऐकला, अंगावर काटा आला. आणि हो, फाटकी पाकिटंसुद्धा जपा, त्यांवर दुकानाचा शिक्का असतो.